लॅपटॉपला कुलूप लागलंय, पण त्याची किल्ली कुणाकडे आहे?

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाचा साताऱ्याहून फोन आला. "ताई, लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर अडकलाय. ४८ आकडी नंबर मागतोय. मी तर असला कुठला पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता!"

खरंच ठेवला नव्हता. आदल्या रात्री लॅपटॉपने बायॉस अपडेट मागितलं, त्याने 'ओके' केलं आणि झोपला. सकाळी मशीन चालू केलं तर बिटलॉकर रिकव्हरीचा स्क्रीन. मी म्हटलं, घाबरू नकोस, हा नंबर तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असतो, तिथे लॉगिन कर. त्याने केलं. तिथे काहीच नव्हतं. मग हळूहळू उलगडलं. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने "मी सेटअप करून देतो" म्हणत तिथल्या तिथे एक नवा ईमेल बनवून विंडोज चालू करून दिली होती. भावाने घरी येऊन स्वतःचं अकाउंट जोडलं, पण किल्ली गेली होती त्या पहिल्या ईमेलवर. तो ईमेल आणि त्याचा पासवर्ड त्या दुकानात कुणालाच आठवत नव्हता. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, दोन वर्षांचे फोटो, सगळं त्या डिस्कवर जसंच्या तसं होतं आणि आम्हाला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. शेवटी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकली.

ही एका लॅपटॉपची गोष्ट झाली. आता हेच एखाद्या कंपनीच्या हजार लॅपटॉपवर, एकाच सकाळी, झालंय असं समजा. कल्पना करायची गरज नाही, कारण हे घडून गेलंय. आणि आपल्याकडे नवा डेटा कायदा येतोय, त्यामुळे लवकरच अनेक छोट्या-मोठ्या ऑफिसांत लॅपटॉपना घाईघाईने कुलपं लागणार आहेत. म्हणून हा विषय आज घेतलाय.

हे कुलूप नेमकं काय असतं?

विंडोजचा लॉगिन पासवर्ड किंवा पिन म्हणजे घराच्या दाराची कडी. कुणी लॅपटॉप चोरला, स्क्रू काढून एसएसडी बाहेर काढली आणि दुसऱ्या मशीनला लावली, तर त्या पासवर्डचा काहीच उपयोग नाही. फाइली सरळ दिसतात. डिस्क एन्क्रिप्शन केलं की डिस्कवरचा प्रत्येक तुकडा गणिती पद्धतीने बदलून लिहिला जातो. किल्ली नसेल तर डिस्क बाहेर काढूनही हाती कचराच लागतो. विंडोजमध्ये याला बिटलॉकर म्हणतात, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. तुमच्या फोनमध्ये तर हे आधीपासूनच आहे. अँड्रॉइड १० पासून नव्याने बाजारात येणाऱ्या फोनला एन्क्रिप्शन सक्तीचं आहे.

मग रोज लॅपटॉप चालू करताना ही किल्ली कोण लावतं? मदरबोर्डवर टीपीएम नावाची एक चिप असते (हल्ली बऱ्याचदा ती प्रोसेसरमध्येच असते). मशीन सुरू होताना ती बघते की बायॉस, बूटच्या फाइली, सेटिंग हे सगळं कालच्यासारखंच आहे ना. असेल तर ती गुपचूप कुलूप उघडायला मदत करते आणि तुम्हाला कळतही नाही. काही वेगळं दिसलं तर ती हात आखडता घेते. तिच्या दृष्टीने चोराने केलेला बदल आणि कंपनीने पाठवलेलं बायॉस अपडेट यात फरक नसतो. मग शेवटचा मार्ग उरतो ४८ आकडी रिकव्हरी की. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. गंमत म्हणजे यातला प्रत्येक गट ११ ने भाग जाणारा असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला की मशीनला तिथल्या तिथे कळतं. ज्याने हे ठरवलं त्याला माणूस ही किल्ली फोनवर ऐकून टाइप करणार आहे, हे नक्की माहीत असावं.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल केल्या. म्हणजे नवीन लॅपटॉप घेतला किंवा विंडोज कोरी टाकली आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि किल्ली त्या अकाउंटवर जाऊन बसते. कुणी ठळकपणे विचारत नाही. माझ्या भावाचं जे झालं ते यातूनच.

१९ जुलै २०२४, सकाळी ९ वाजून ३९ मिनिटं

आता मोठ्या गोष्टीकडे. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन सायबर सुरक्षा कंपनी. तिचं फाल्कन नावाचं सॉफ्टवेअर विमान कंपन्या, बँका, हॉस्पिटलं अशा ठिकाणच्या कॉम्प्युटरवर पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं, तेही विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला क्राउडस्ट्राइकने एक छोटी फाइल जगभर पाठवली. नाव, चॅनेल फाइल २९१. १०:५७ ला चूक लक्षात येऊन ती मागे घेतली. मध्ये गेली फक्त ७८ मिनिटं.

त्या ७८ मिनिटांत जी मशीन चालू होती आणि इंटरनेटला जोडलेली होती, त्यांनी फाइल उचलली आणि निळा स्क्रीन दाखवत कोसळली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशी ८५ लाख मशीन होती. जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या १ टक्क्याहूनही कमी, पण ती कुठली, हे महत्त्वाचं. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो तुम्ही तेव्हा स्टेटसला बघितले असतील. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीची सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली आणि तिने ५० कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचं सांगितलं.

आमच्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर नव्हतं, त्यामुळे आम्ही चहा पीत मीम बघत होतो. हसू मात्र फार टिकलं नाही. माझी एक मैत्रीण दुसऱ्या कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. ती त्या शुक्रवारी ऑफिसला गेली ती रविवारी रात्री घरी आली.

चूक काय होती? क्राउडस्ट्राइकनेच नंतर अहवाल दिला. त्यांच्या नव्या नियमाच्या साच्यात २१ रकाने होते, पण मशीनवरचा कोड २०च पुरवत होता. आधीच्या चाचण्यांत २१ व्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण असल्यामुळे ते कधी उघड झालं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच २१ वा रकाना खरोखर वाचायची वेळ आली. कोडने मेमरीत नसलेल्या जागी हात घातला आणि कर्नलमध्येच हे झाल्यामुळे अख्खी विंडोज बसली. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही दोष होता, त्याने तिला 'पास' केलं.

कोड लिहिणाऱ्या माणसाला मी यात फार दोष देणार नाही. अशी एक-रकाना-कमीची चूक मीही केली आहे, तुम्ही इंजिनिअरिंगला असाल तर तुम्हीही केली असेल. मला खटकतं ते वाटपाचं. ती फाइल सगळ्यांना एकदम गेली.

प्ले स्टोअरवर साधं गाण्याचं अ‍ॅप टाकणारा डेव्हलपरसुद्धा नवी आवृत्ती आधी थोड्या टक्के लोकांना देऊ शकतो. क्रॅश वाढले तर तिथेच थांबवतो. ऑफिसात याला रिंग म्हणतात. पहिली रिंग आयटी टीमची स्वतःची मशीन, मग दोन-चार विभागांतले काही लोक, मग बाकीचे. क्राउडस्ट्राइकच्या ग्राहकांनाही सॉफ्टवेअरची एक-दोन आवृत्ती मागे राहण्याची सोय होती. अनेकांनी ती मुद्दाम निवडलेली होती. पण ती सोय लागू होती मुख्य सॉफ्टवेअरला. ही रोजची नियमांची फाइल त्या सोयीच्या बाहेर होती. म्हणजे ज्या आयटीवाल्याने नीट काळजी घेतली होती, त्याचीही मशीन पडली. घटनेनंतर कंपनीने या फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवायला आणि ग्राहकाला त्यावर ताबा द्यायला सुरुवात केली.

उपाय एका ओळीचा, मग दिवस का लागले?

उपाय दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत झाला होता. मशीन सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरी मोडमध्ये सुरू करा, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जा, ती २९१ वाली फाइल उडवा, रीस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम.

पण त्या फोल्डरवर कुलूप होतं.

रिकव्हरी मोडमधून डिस्कवर जायचं तर बिटलॉकर ४८ आकडी किल्ली मागणार. आणि मशीन सुरूच होत नसल्यामुळे आयटी टीमला दुरून काही करता येईना. प्रत्येक लॅपटॉपजवळ माणूस हवा, त्याच्या हातात त्याच लॅपटॉपची किल्ली हवी. घरून काम करणाऱ्याला फोनवर आकडे सांगायचे, तो टाइप करणार, एक चुकणार, पुन्हा पहिल्यापासून. माझी मैत्रीण म्हणाली, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्वतःचा मोबाइल नंबर सलग सांगता येत नव्हता, सहा-सहाच्या गटांत येत होता.

ऑस्ट्रेलियातल्या एका सल्लागार कंपनीने मस्त डोकं लावलं. त्यांनी किल्ल्यांचे बारकोड बनवले, दुकानात असतो तसा बारकोड स्कॅनर लॅपटॉपला जोडला आणि स्क्रीनवरून 'टिक' करून किल्ली आत. बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मायक्रोसॉफ्टनेही पेन ड्राइव्हवर टाकायचं एक टूल दिलं, त्यातला सेफ मोडचा पर्याय बऱ्याच मशीनवर किल्लीशिवाय चालायचा. अट एकच, त्या मशीनवरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत हवा.

इथे खरा पेच आहे. किल्ल्या कंपनीकडे होत्या, नाही असं नाही. मोठ्या ऑफिसांत बिटलॉकरच्या किल्ल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी नावाच्या सर्व्हरवर किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर साठवतात. अ‍ॅडमिनचे पासवर्डही बऱ्याचदा तिथेच. ज्यांच्या किल्ल्या स्वतःच्या सर्व्हरवर होत्या आणि तो सर्व्हरही विंडोजवर, त्याच क्राउडस्ट्राइकसकट चालत होता, तो सर्व्हरही पडलेला. काही ठिकाणी त्याच्याच डिस्कला बिटलॉकर. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवल्यासारखं. आधी तो एक सर्व्हर जिवंत करायचा, मग त्यातून बाकीच्यांच्या किल्ल्या काढायच्या.

क्राउडस्ट्राइकच्या सांगण्यानुसार २५ जुलैपर्यंत ९७ टक्क्यांहून जास्त मशीन परत आली. ७८ मिनिटांच्या चुकीला सहा दिवस. यातला किती वेळ निव्वळ कुलपांमुळे गेला, हे मोजून सांगता येणार नाही, पण त्या वीकेंडला आयटीवाल्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द बिटलॉकर होता, हे त्यांच्यापैकी कुणालाही विचारा.

ही एकदाच घडलेली गोष्ट नाही

त्याच महिन्यात, क्राउडस्ट्राइकच्या दहा दिवस आधी आलेल्या विंडोजच्या नेहमीच्या सुरक्षा अपडेटने काही मशीनना थेट बिटलॉकर रिकव्हरीच्या स्क्रीनवर नेलं होतं. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या अपडेटने काही इंटेल प्रोसेसरवाल्या मशीनवर तेच केलं. मायक्रोसॉफ्टला वेगळं तातडीचं अपडेट काढावं लागलं. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर पुन्हा काही इंटेल मशीनवर तेच. दर वेळी डेटा सुरक्षित होता, मशीन फक्त एकदा किल्ली मागत होतं. ज्याच्याकडे किल्ली होती त्याची दोन मिनिटं गेली. नव्हती त्याचं काय झालं, ते वर सांगितलंच.

मी हे बघते तेव्हा मला एक गोष्ट सतत दिसते. कंपन्यांमध्ये 'एन्क्रिप्शन' हे सिक्युरिटीवाल्यांचं काम आणि 'अपडेट पाठवणं' हे सपोर्टवाल्यांचं काम, असे दोन कप्पे असतात. एकाने कुलूप लावायचं, दुसऱ्याने कुलपाच्या आतलं सामान बदलायचं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बायॉस अपडेट पाठवायच्या आधी बिटलॉकर तात्पुरता 'सस्पेंड' करता येतो, अपडेट झालं की तो पुन्हा चालू होतो. एका कमांडचं काम. पण अपडेट पाठवणाऱ्याला कुलपाचं भान असेल तर ना.

मी आधी ज्या छोट्या कंपनीत होते तिथे एका मोठ्या ग्राहकाने अट घातली म्हणून एका आठवड्यात सगळे लॅपटॉप एन्क्रिप्ट केले. किल्ल्या एका एक्सेल शीटमध्ये. ती शीट आयटीवाल्या दादाच्या लॅपटॉपवर. तो लॅपटॉपही एन्क्रिप्ट केलेला, त्याचीही किल्ली त्याच शीटमध्ये. आम्ही हसलो होतो तेव्हा. दादाचा लॅपटॉप कधी अडकला नाही, हे आमचं नशीब.

आता भारतात काय होणार?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ज्याच्याकडे लोकांचा डेटा आहे त्याने योग्य सुरक्षा ठेवायची, आणि त्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव नियमांत स्पष्ट आहे. यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. सुरक्षा ठेवली नाही म्हणून डेटा फुटला तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा ऐकला की मालक लोक पहिला फोन आयटीवाल्याला करतात, "सगळ्या लॅपटॉपला ते एन्क्रिप्शन की काय ते उद्या लावून टाक."

कुलूप लावायला माझा विरोध नाही. लॅपटॉप रिक्षात विसरतात, शिवनेरीत राहतात, कॅफेतून जातात. पेशंटची किंवा कर्जदारांची यादी असलेली डिस्क उघडी फिरणं हे वाईटच. क्राउडस्ट्राइकनंतर काही जण म्हणत होते, बघा, बिटलॉकर नसता तर पाच मिनिटांत झालं असतं. हे म्हणजे एकदा किल्ली हरवली म्हणून दार कायमचं उघडं ठेवण्यासारखं आहे.

पण त्याच नियमांत आणखी एक ओळ आहे, तिची चर्चा कमी होते. डेटा फुटला नाही पण हाताशी राहिला नाही, तरीही काम चालू ठेवता येईल अशी तयारी, म्हणजे बॅकअप वगैरे, ठेवायला सांगितलं आहे. किल्ली हरवलेली डिस्क नेमकी याच खान्यात बसते. घाईत लावलेलं कुलूप नियमाची एक ओळ पाळतं आणि दुसरी मोडतं.

विंडोजमध्ये कंपन्यांसाठी एक सेटिंग वर्षानुवर्षं आहे. किल्ली सर्व्हरवर पोचल्याशिवाय एन्क्रिप्शन सुरूच करायचं नाही. माझ्या मते छोट्या कंपनीच्या आयटीवाल्याने पहिल्यांदा हे एक सेटिंग लावावं, महागडं काही विकत घेण्याआधी. आणि किल्ल्यांची एक प्रत अशा ठिकाणी असावी जिथे ऑफिसचं एकही विंडोज मशीन न वापरता पोचता येईल. वर्षातून एकदा चार-पाच मशीनवर खरोखर किल्ली टाकून बघावी. फायर ड्रिल करतोच ना आपण, जिन्याने खाली उतरून सेल्फी काढून परत वर जातो, तसंच.

मायक्रोसॉफ्टही बदलतंय. पुन्हा-पुन्हा कोसळणारं मशीन स्वतःच रिकव्हरी मोडमध्ये जाऊन इंटरनेटवरून दुरुस्ती उतरवून घेईल, अशी सोय २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये आली. अँटिव्हायरस कंपन्यांना कर्नलच्या बाहेर आणायचंही काम चालू आहे. चांगलं आहे. पण ४८ आकड्यांची किल्ली कुणी सांभाळायची, हे ते ठरवून देणार नाहीत.

तुमच्या हातात काय आहे?

घरचा लॅपटॉप असेल तर आजच बघा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर फोनमधून लॉगिन करा, डिव्हाइसमध्ये जाऊन बिटलॉकरच्या किल्ल्या बघा. तुमच्या लॅपटॉपचं नाव दिसलं पाहिजे. नाही दिसलं, आणि सेटअप दुकानात झाला असेल, तर लॅपटॉप चालू आहे तोवर स्टार्टमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' शोधा, किल्लीचा बॅकअप घ्या आणि कागदावर छापा. तो स्क्रीन आल्यावर हे करता येत नाही. फोनची गोष्ट वेगळी. तिथे अशी सुटी रिकव्हरी की मिळतच नाही, लॉकचा पिन विसरलात तर फोन पुसून नव्याने सुरू करावा लागतो आणि मग बॅकअपमध्ये असेल तेवढंच परत येतं.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर किल्ली कंपनीची आहे, तुमची नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून लग्नाचे फोटो त्यावर ठेवू नका. पण कंपनी मायक्रोसॉफ्टचं क्लाउड अकाउंट वापरत असेल आणि आयटीने बंद केलं नसेल, तर 'माय अकाउंट' पानावर डिव्हाइसेसमध्ये तुमच्या मशीनची किल्ली तुम्हालाच फोनवर दिसू शकते. दिसते का ते एकदा बघून ठेवा. दिसत नसेल तर आयटीला सरळ विचारा, "लॅपटॉप अडकला आणि तुमचा सर्व्हरही बंद असेल तर माझी किल्ली कुठून मिळणार?" ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं ते लगेच देतात. माझ्या आताच्या ऑफिसात हा प्रश्न मी विचारला तेव्हा पलीकडून आधी "अं..." आलं, आणि पुढच्या आठवड्यात किल्ल्यांची दुसरी प्रत काढल्याचा मेल आला.